स्वीडन, माझे दात आणि तुझे चिरंजीव

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, म्हणजे तुझ्या वहिनीचं ठीक आणि माझं नाही. तुझा खांदा आता वर जातो का? मेहुण्यांचं झोपेचं औषध सुटलं का? (सुटलं नसेल तर हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस, पुन्हा झोप उडेल.) विचारपूस झाली, आता तक्रार. फोनच केला असता, पण माझं बोलणं सध्या मलाच कळत नाही, आणि त्याला जबाबदार तुझा मुलगा आहे.

येत्या रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान आहे हे तुला ठाऊकच आहे. विषय, समाजवाद कशाला म्हणावं आणि युरोपातले देश त्यात कुठे बसतात. चौथीत शाळा सुटलेला मी, चाळीस वर्षं त्याच वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवली आणि शिवता शिवता वाचली. (म्हणून मला फक्त तेवढंच येतं जेवढं फाटलं होतं. सुदैवानं अर्थशास्त्राची पुस्तकं फार फाटतात, लोक रागानं मिटतात.) आजवर तिथे मागच्या दारानं गेलो, डिंकाचा डबा घेऊन. आता पुढच्या दारानं बोलावलंय, आयुष्यात पहिल्यांदा, आणि नेमके वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. बोलायला लागलो की वाऱ्यावरच्या दारासारखे आत-बाहेर करायचे. वहिनी म्हणाली, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? म्हणून कवळीचं माप देऊन झाल्यावर सोमवारी दात काढून घ्यायला तुझ्या दंतवैद्य चिरंजिवांच्या खुर्चीत आडवा झालो.

त्या खुर्चीची रीत ऐक. तोंडात पाणी ओढणारी नळी, गालाशी कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. बोलायचं नाही, दुखलं तर हात वर करायचा. मी कबूल झालो. भुलीची पहिली सुई टोचून झाली आणि याला गप्पा सुचल्या. म्हणे, "काय मामा, रविवारी काय सांगणार? सरकारनं फुकट वाटलं की झाला समाजवाद. स्वीडनसारखा. त्यात तासभर बोलायला काय आहे?" धाकटे, त्याची चार बोटं माझ्या तोंडात होती, नाहीतर तासाचं काय ते तिथेच दाखवलं असतं. मी मुद्दा खोडायला हात वर केला. तो म्हणाला, "दुखतंय होय? थांबा हं," आणि दुसरी सुई टोचली.

अगं, बिल कोण भरतं यावर समाजवाद ठरत नाही, कारखाना कुणाच्या मालकीचा यावर ठरतो. स्वीडनमधले बहुतेक कारखाने, दुकानं खासगी मालकांचीच आहेत. कर मात्र जबर घेतात आणि त्यातून शाळा-दवाखाने चालवतात. म्हणजे गाय मालकाचीच, फक्त धार काढली की मोठा तांब्या आळीसाठी बाजूला. गायच आळीची असेल तर गोष्ट वेगळी. (ही गाय रविवारसाठी राखून ठेवलीय, कुठे बोलू नकोस.) एवढं साधं सांगायचं होतं. पण जीभ तोवर भिजवलेल्या चामड्यासारखी झाली होती, आणि हा पोहोचला लक्झेंबर्गला. माणशी उत्पन्नात युरोपात पुढे, कारण तिथे असले लाड नाहीत, म्हणे. मी पुन्हा हात वर केला. तिथे कामाला येणारे जवळजवळ निम्मे लोक सकाळी शेजारच्या देशांतून येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांची कमाई मोजणीत, डोकी नाहीत. शंभर जणांनी राबायचं आणि भागायचं पन्नास जणांत, मग भागाकार गलेलठ्ठ येणारच. आणि लाड नाहीत कसे? तिथे बस आणि रेल्वे फुकट आहे. यातलं त्याला काय कळलं, तर मामाला सोसवत नाही. तिसरी सुई. पुढे आयर्लंडही तसंच श्रीमंत, असं तो म्हणाला, तेव्हा मी हात मांडीखाली दाबून धरला. (बाहेरच्या कंपन्या आपला नफा तिथे दाखवतात, त्यानं आकडा फुगतो. जावयानं चार दिवस बॅग ठेवली म्हणून ती आपली इस्टेट होते का?)

दात निघाले. मी ताडकन उठलो, तिन्ही देशांचं उत्तर एकदम द्यायला तोंड उघडलं, आणि बाहेर आली ती नुसती लाळ. चिठ्ठ्या फाडणाऱ्या मुलीनं हातात रुमाल दिला. बाकावरची एक बाई सरकून म्हणाली, "बसा आजोबा, होतं असं." तुझा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "मामांना भूल जरा जास्त झाली, गाडी बोलवा." ज्याला मी माझ्या शिवणाच्या टेबलावर फाटक्या नकाशांचे तुकडे जोडून युरोप शिकवला, तो तीन दिवसांच्या परिषदेला स्वीडनला जाऊन एक हॉटेल पाहून आला आणि मला स्वीडन शिकवतो. गुरूची विद्या गुरूला, तीही गुरूच्या तोंडात बोटं घालून. आज बुधवार. रविवार चार दिवसांवर आणि मी बिनदातांचा बसलोय. आई म्हणून त्याला दोन शब्द सुनाव.

तुझा दादा

ता. क. धाकट्या वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. कवळी कालच आली. तुमचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत स्वतः देऊन गेला. तेव्हापासून ती वाटीत पाण्यात आहे आणि हे तिला तोंड लावत नाहीत, कारण डबीवर त्यानं चिठ्ठी चिकटवलीय, ‘मामा, फुकट. समाजवाद समजा.’ हे म्हणतात, ही घालून उभा राहिलो तर माझ्याच तोंडात माझ्याविरुद्धचा पुरावा. पैसे पाठवले, ते त्यानं परत पाठवले. आता आरशासमोर व्याख्यान घोकतात आणि दर समाजवादाला मला आरसा पुसावा लागतो. पोराला म्हणावं, चिठ्ठी बदल.

ता. क. दुसरा. पाकीट उघडून वाचलं. वहिनीचं सगळं खरं आहे, आरसा सोडून. सुनावू बिनावू नकोस. त्याला फक्त रविवारी पाच वाजता वाचनालयात धाड. नॉर्वेचं मला जमत नाही. तिथल्या मोठ्या तेल कंपनीत सरकारचीच मोठी मालकी, तेलाचा पैसा साठवलाय तो सगळ्या देशाच्या नावावर, आणि तरी बाकीचा बाजार खासगी. मग म्हणायचं काय? ते पुस्तक माझ्याकडे शिवायला कधी आलंच नाही. कुणी विचारलं तर माझी फजिती आहे. तो समोर असला तर म्हणेन, याचं उत्तर माझे भाचे देतील. चुकीचं देईल, पण ठणकावून देईल, तोवर मला काहीतरी सुचेल. हे त्याला कळू देऊ नकोस. मामानं पहिल्या रांगेत खुर्ची धरलीय एवढंच सांग. आणि डबीवरच्या चिठ्ठीत मी एकच शब्द खोडून वर दुसरा लिहिलाय. आता ती ‘मामा, फुकट. भाचा समजा’ अशी वाचली जाते. ही व्याख्या मला मान्य आहे. कवळी घातली. बसते.