उष्टी अळंबी

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची. नातीने, म्हणजे आमच्या भिंगरीने, तिची अर्धी कोरी वही दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, नाहीतर अक्षरं विसरशील. दोन यत्ता शिकलेली मी, विसरायचं तरी किती! घर रानाच्या कडेला, चूल झकास, जावई लाकडाच्या वखारीत. वर्षभर बापलेकींनी उकडलेले बटाटेच खाल्लेत. तोंडंही तशीच झालीत दोघांची. आता मी आलेय.

५ ऑक्टोबर
भिंगरीला घेऊन रानात गेले. आंबट पाला मिळाला, थोडी चांगली अळंबी. तिला आमचा नियम शिकवला: तोडणाऱ्याने आधी स्वतः खाऊन बघायचं, दोन दिवस थांबायचं, मगच पोरांच्या ताटात. ती म्हणाली, ठाऊक आहे, आई असंच करायची.
असंच करायची, म्हणून गेल्या पानगळीत ती गेली आणि पोर वाचली. नियम माझा. लेकही माझीच. पुरे आता, दूध उतू जातंय.

८ ऑक्टोबर
सकाळी उंबऱ्यावर टोपली. पांढरी अळंबी, बुडाशी वाटी असलेली. लेकीला जिने खाल्लं तीच. प्रत्येकीचा एकेक लचका तोडलेला. शेजारणीने कानांवर हात ठेवले. जावई नुसता बूट झटकत बसला. सगळी चुलीत घातली. उंदीर असेल.

९ ऑक्टोबर
पुन्हा टोपली. उंदीर नव्हे. प्रत्येक लचक्यात मधे एक बारीक कड उरलीय. लेक सात वर्षांची असताना झाडावरून पडली होती. पुढच्या दाताचा टवका उडालेला.

१२ ऑक्टोबर
आज अळंबी भिंगरीच्या दप्तरात. काल उशीखाली. पोरीला शेजारणीकडे ठेवली, तर तिथेही खिशात. भिंगरी म्हणते, आई देते. आईने आधी खाऊन बघितलं, दोन दिवस थांबली, काही झालं नाही, म्हणून आणली.
तिला काय होणार! मेलेल्याला काय बाधतंय—

१३ ऑक्टोबर
पोरीच्या गालफडात बोटं घालून तुकडा काढला. मग उंबऱ्यात उभी राहिले. बाई, तू गेलीस, एवढंच सांगायचं होतं. जावयाला, शेजारणीला जिभेने सोलून काढणारी मी— शब्द फुटेना. ओल्या पाल्याचा वास आला फक्त. आणि तिच्या केसांचा.

१४ ऑक्टोबर
सांगता येत नाही. दाखवता येईल. उंबऱ्यात बसून तिच्या टोपलीतलं खाल्लं. म्हटलं, बघ. जित्या माणसाचं काय होतं ते बघ.

१५ ऑक्टोबर
उलट्या. जावई डॉक्टरला आणायला— पोरीला आत येऊ दिलं नाही—

१६ ऑक्टोबर
जरा बरं वाटतंय. तिलाही तिसऱ्या दिवशी असंच वाटलं होतं म्हणे, चौथ्या दिवशी गेली.
आज टोपली रिकामी.
लेक उंबऱ्यात बसलीय. तुटक्या दाताने ओठ चावतेय, चोरी पकडली की चावायची तसा. कळलं तिला—
रडू नको गं. तुझं काही चुकलं नाही. नियम माझा. तू फक्त आईचं ऐकलंस—