मंगळागौरीत हायलाइफ

१२ जुलै, शनि.
आज खाली कचऱ्याच्या जागेवरून खोका उचलला आणि पकडले गेले. मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावलेलं कपाट, शेजारी तसंच स्टिकर लावलेला लाकडी खोका, आत एलपी. वरच्या कव्हरवर छापील झग्यातल्या बायका, मागे ट्रम्पेटवाले, कोपऱ्यात 'अक्रा, घाना'. टाकून दिलंय म्हणजे कुणाचंच नाही, असा आपला पुणेरी हिशोब. इथे जपानात स्टिकर लागलं की ते वॉर्डाचं, म्हणजे पालिकेचं! केअरटेकर धावत आला. निखिल, नवरा असून, माझी बाजू घ्यायची सोडून वाकून वाकून माफी मागत होता. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या हायाशी-सान खाली आल्या. ऐंशीच्या पुढच्या, लिफ्टमध्ये मान तुकवण्यापुरती ओळख. खोका त्यांचाच. त्यांनी नखाने स्टिकर सोडवलं, म्हणाल्या, न्या.

१३ जुलै, रवि.
खोका आणला खरा, पण घरात प्लेअर कुठाय? खोक्यासकट त्यांच्याच दारात. बार्लीचा गार चहा. पहिली तबकडी लागली आणि... काय लिहू! दोन गिटारी गप्पा मारतायत, ट्रम्पेट मध्येच तोंड घालतात, खालून काहीतरी टिणटिणतंय आणि पाय जागेवर राहात नाहीत. अंगावर काटा. इरा होमवर्क टाकून नाचायला लागली. ही आमची नऊ वर्षांची कन्या, एरवी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते.

याला हायलाइफ म्हणतात. घाना नुकताच स्वतंत्र झालेला, हायाशी-सानचे यजमान तिथे ट्रेडिंग कंपनीतर्फे कापड विकायचे. शनिवारी उघड्यावरच्या डान्स हॉलमध्ये शिंपी, नर्सेस, साहेबलोक, सगळे. "तिथे कुणी बसत नसे," म्हणाल्या. यजमान गेल्यावर त्यांनी एकही तबकडी लावली नव्हती. मला उगाच रडू आलं.

१९ जुलै, शनि.
आठवडाभर ऑफिसात टेस्ट रिपोर्ट टाइप करताना टेबलाखाली पाय चालू. शेजारच्या टेबलावरच्या तानाका-सानने विचारलं, बरं नाही का.

इथल्या मराठी बायकांच्या मंगळागौरीच्या ग्रुपला सांगून टाकलं: या वर्षी शेवटचा नाच हायलाइफवर. क्षीरसागर काकू, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, गाणी त्यांच्याच तोंडी. त्या म्हणाल्या, "अगं, देवीला काय सांगायचं?"

म्हटलं, "काकू, देवीही दरवर्षी तेच ऐकून कंटाळली असेल."

हसू दाबत होत्या, पण फुटलं. एकच नाच हं, म्हणाल्या. जिंकले!

२ ऑगस्ट, शनि.
बिल्डिंगच्या हॉलमध्ये सराव. हायाशी-सान प्लेअरसकट आल्या. आणि आमचा पार फज्जा. दहा बायका, झिम्म्याच्या उड्या आणि टाळ्या थेट आरतीच्या! गाणं एकीकडे, आम्ही दुसरीकडे. ग्रुपमधली वृषाली म्हणाली, आपण गाण्याला बडवतोय.

मग हायाशी-सान उठल्या. टाळ्या नकोत, म्हणाल्या, हात मागे बांधा. ती टिणटिण आधी ऐका. गुडघे सैल, पाऊल जमिनीला घासत, कंबर जेमतेम. सगळ्यात आधी कुणाला जमावं? काकूंना! गुडघेदुखीमुळे त्या उडी मारतच नव्हत्या. शेवटी सगळ्या एका लयीत, हॉलभर नुसती पावलं. इतका आनंद मला इथे आल्यापासून झाला नव्हता.

३ ऑग., रवि.
त्यांना म्हटलं, सतराला कार्यक्रमात पुढे तुम्ही उभ्या राहा. मग कळलं. ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या सुट्टीत मुलगी न्यायला येतेय, सेंदाईला तिच्या घरी, कायमचं. म्हणून कपाट खाली गेलं होतं. आणि मी तीन आठवडे त्या रिकाम्या होत जाणाऱ्या घरात बसून नुसती गाणी ऐकत होते. तेराला निघायचं.

त्यांना यायचंय. हे मला दिसतंय. पण मुलीला सांगणार नाहीत.

९ ऑग., शनि.
मुलगी आली, सामान बांधायला. क्योको-सान. चार दिवस उशिरा न्या, एवढं मागायला गेले. फार सभ्यपणे ऐकून घेतलं. आई हिवाळ्यात पडली होती, हे मला माहीतच नव्हतं. "तुम्ही एक दिवस नाचाल," म्हणाल्या. "पडली तर उचलणार मी." खरंच होतं. चप्पल घालायला वळले.

हायाशी-सान खोक्यांच्या मध्ये खुर्चीवर बसून होत्या. हळूच बोलल्या, पण मला नीट समजलं.

"क्योको, तू पोटात असताना मी तिथे नाचायची. दर शनिवारी. तुझे वडील घाबरायचे. मी नाही घाबरले."

क्योको-सानच्या हातात चिकटपट्टी होती, ती तशीच राहिली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, कार्यक्रम किती वाजता आहे.

दोनला, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि खोका बांधायला घेतला.