खिडकीला आतून कडी

मी कुंडलिक बिन ज्ञानू रेणुसे, मूळ राहणार मौजे पासली, हल्ली भोरच्या पेठेत शिवणकाम करून असणारा, आज माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी दोष छातीत सांगितला आहे, डोक्यात नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही असे लिहिण्याची रीत आहे. दडपण ओट्यावर बसले आहे. माझे मेहुणे हैबती आणि नाटक मंडळीचे चिमाजी दार ठोठावून विचारताहेत, "झालं का न्हाई अजून?" त्यांना बसू द्या. लिहितो ते माझ्या मनचे आहे.

१. पासलीची भातखाचरे वडिलोपार्जित आहेत. त्यांवर माझा एकट्याचा शब्द चालत नाही, म्हणून ती भाऊबंदांत रीतीने जावीत.

२. भोरचे दुकान-घर व शिवणयंत्र माझ्या कमाईचे आहे. ते मी माझ्या मयत बहिणीची मुलगी कमळा हिला देतो. ती आमच्याकडेच वाढली. माझी पत्नी फुलाबाई हिने हयातभर त्याच घरात राहावे. कमळेने लग्न करावे, न करावे, ठरलेले मोडावे, घर तिचेच. तिचे वडील हैबती यांचा त्यावर कसलाही हक्क नाही.

३. याचे कारण लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारा भ्रमला म्हणतील.

चिमाजींच्या मंडळीचे ते विनोदी नाटक भोरपासून वेल्ह्यापर्यंत सगळ्यांनी पाहिले आहे. त्यातली नायिका वेणू मी मिशा काढून वर्षानुवर्षे केली. नायक खिडकीखाली गातो, वेणू खिडकी लावते. तो आणखी मोठ्याने गातो, ती पुन्हा लावते. लोक हसून लोळतात, कारण खिडकी लावली म्हणजे लाजली. शेवटी अंतरपाट खाली होतो, समोर तोच उभा, वेणू मान खाली घालते आणि टाळ्या पडतात. सगळ्या नाटकात तिला कोणी काही विचारत नाही. एकदा तालमीत मी चिमाजींना म्हणालो, "मास्तर, वेणूला त्यो खरंच नको असला तर?" ते म्हणाले, "मंग नाटक कुठं ऱ्हातं?"

आता चिमाजींचा मुलगा भीमा रोज दिवेलागणीला तीच पदे आमच्या खिडकीखाली म्हणतो. कमळा खिडकी लावते. पेठेतले लोक कौतुकाने बघायला थांबतात. हैबतींनी माघातला मुहूर्तसुद्धा धरला. मी म्हणालो, "दाजी, पोरीला इचारा." तर म्हणाले, "पाव्हणं, लाजतीया ती. तुमीच न्हाई का वेणूची खिडकी अशीच लावायचा?" यावर मला इतका संताप आला की कात्री हातातून खाली ठेवावी लागली.

कमळा मला रडत म्हणाली, "मामा, म्या खिडकी लावली की समदी म्हणत्यात लाजली. आता न्हाई म्हणाया मी आनकी काय लावू?"



४. वेणूचा शालू मंडळीस देऊ नये. फाडून त्याची गोधडी शिवावी. वेणूचा केसांचा टोप मात्र चिमाजींना द्यावा. त्यांनी तो घालून एकदा त्या खिडकीत बसावे आणि खाली कोणाला तरी गात उभे करावे.

५. माघापर्यंत मी असेन असे वाटत नाही. मुलीला मांडवात आणणे आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभे राहणे हा मामाचा मान. तो मी फुलाबाईला देतो. बाईमाणसाने तिथे उभे राहू नये असे कोणी म्हणाल्यास हा कागद दाखवावा. अंतरपाट धरलेला असतानाच तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारावे, "कमळे, हितं उभं ऱ्हायचंय का घरी जायचंय?" कमळा बोलेपर्यंत भटजींनी थांबावे. ती घरी म्हणाली तर फुलाबाईने तिचा हात धरून सरळ या घरी यावे. मागे कोण काय बोलते त्याकडे बघू नये. कमळे, तू हो म्हणालीस तरी मला आनंदच आहे. फक्त ते तू म्हणायला हवेस.

६. त्या खिडकीची जुनी कडी सैल होती. काल सुताराकडून नवी बसवून घेतली आहे. ती लागली तर लागली एवढेच समजावे.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

कुंडलिक बिन ज्ञानू रेणुसे

साक्षीदार:
रखमाजी, राहणार गुंजवणे
कोंडिबा, राहणार भोर

मुक्काम भोर, ता. १२ जानेवारी १९३७

साक्षीदार रखमाजी याची पुस्ती: सह्या चालू असताना खाली गाणे सुरू झाले. कमळाबाई आतल्या खोलीतून आल्या, खिडकी लावली, कडी घातली. ओट्यावर हसू झाले. आम्ही खोलीत होतो ते कोणी हसलो नाही.