विहिरीजवळचा वाफा

मंगरूळपीर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय दादास,

उज्ज्वलाचा नमस्कार. मायच्या पाया पडते असं सांग, आणि थंडी उतरल्याशिवाय तिला सकाळी अंगणात बसू देऊ नकोस. सपनावहिनीनं पाठवलेली पिशवी मिळाली. वांगी, मेथी आणि हिरव्यागार सांभाराची, म्हणजे आमच्या वर्गातल्या कोथिंबिरीची, जुडी. आम्ही इकडे बरे आहोत.

तू म्हणशील, "रोज तं शाळेसाठी गावात येतं, मंग चिठ्ठी कायले?" फोन तू बांधावर स्पीकरवर लावतोस आणि अर्ध्या बोलण्यात पाणी सोडायला पळतोस. घरी आले की माय शेजारी बसलेली असते. म्हणून दूधवाल्या भागवतच्या हाती हे पत्र देतेय. एकट्यानं वाच.

आधी माझ्या कामाचा वैताग ऐक, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवाळीनंतर वरून आदेश आला की सहावी-सातवीच्या मुलांकडून 'माझा आहार, माझे मत' या विषयावर निबंध लिहून घ्या आणि त्यातला एक केंद्रावर पाठवा. मी लिहून घेतले. तेवीस मुलं, तेवीस निबंध, आणि मत एकाचंही नाही. सगळ्यांनी लिहिलं की हिरव्या पालेभाज्या खाव्यात आणि पिझ्झा-बर्गर टाळावेत. ज्यांनी पिझ्झा डोळ्यांनी पाहिला नाही ते तो टाळायला निघालेत, आणि मधल्या सुट्टीत तीच पोरं पाच रुपयांची तिखट पाकिटं फोडत शाळाभर फिरतात. मी मंजूला उभं केलं, म्हटलं, बाई, तुझं स्वतःचं मत काय ते सांग. ती म्हणाली, "मॅडम, तुमी सांगसान ते."

अकरा वर्षं हेच ऐकतेय. डोकं फिरलं माझं. तीन आठवडे मी दुसरं काही शिकवलं नाही. फळ्यावर रोज तेच लिहायचं: तुमचं मत काय, त्याचं कारण काय, तुमच्या घरचं उदाहरण काय, आणि समोरचा माणूस त्यावर काय म्हणेल. पुस्तकातलं नको, मोबाइलमधलं नको, घरात डोळ्यांना दिसतं ते लिहा. चुकलं तरी चालेल, कोणी रागावणार नाही, असंही मीच सांगितलं.

मग एकीनं लिहिलं. तुझ्या अंजूनं. तिची वही माझ्याकडे आहे, त्यातलं जसंच्या तसं उतरवते.

"भाजी खा असे सगळे सांगतात. माझे मत आहे की आधी भाजी कोणत्या वाफ्यातली आहे ते विचारावे. आमच्याकडे दोन जागी वांगी आहेत. विहिरीजवळचा वाफा घरचा आहे, त्यावर बाबा फवारत नाहीत. रस्त्याकडची वांगी बाजाराची आहेत. त्यावर बाजाराच्या आदल्या दिवशी फवारतात. औषधाच्या कागदावर लिहिले आहे की फवारल्यावर सात दिवस तोडू नये. मी बाबांना वाचून दाखवले. बाबा म्हणाले, सात दिवसांत वांगे जून होते, बाजार काय माह्यासाठी थांबून राह्यला? बाबांचे पण बरोबर आहे. बाजारात बायका एक भोक दिसले तरी वांगे परत टाकतात. म्हणून माझे मत आहे की चूक एकट्या बाबांची नाही. पण जे आम्ही खात नाही ते दुसऱ्याला खा म्हणू नये."

दादा, मत आहे, कारण आहे, घरचं उदाहरण आहे. समोरच्याची बाजूही आहे, आणि ती बाजू तुझी आहे. सातवीतली पोर बापाची चूकही सांगते आणि त्याची अडचणही मांडते. माझ्या सगळ्या नोकरीत असा निबंध हाती आला नव्हता.

मी त्यावर लाल पेनानं उभी रेघ मारली.

तिला म्हटलं, मुख्याध्यापक धम्मपाल सरांनी सांगितलंय की हा चालणार नाही, दुसरा लिही. आणि तो दुसरा मीच सांगितला. लोह, जीवनसत्त्वं, पालेभाज्यांचे फायदे, शेवटी दोन ओळींची कविता. तो केंद्रावर पहिला आला. त्याचं प्रमाणपत्र वहिनीनं चौकटीत बसवून देवघराशेजारी लावलंय आणि तू आळीभर पेढे वाटलेस. तुझा चेहरा हसरा होता. मीही एक पेढा खाल्ला.

तुझ्यासाठी केलं, असं मी महिनाभर स्वतःला समजावत होते. गावात बोभाटा होईल, बाजारात तुझ्या दुकानापुढून लोक निघून जातील, तुझं नाव खराब होईल. त्यात खोटं काही नाही. पण सगळं तेवढंच असतं तर मी तुला त्याच दिवशी येऊन वही दाखवली असती. वरच्या उताऱ्यात मी एक ओळ उतरवली नाही. ती घरच्या वाफ्याच्या वाक्यानंतर लगेच आहे. "माझ्या आत्याला पण विहिरीजवळचीच भाजी जाते. ती आमच्या शाळेत शिकवते."

माझी रेघ त्या ओळीपासून सुरू झाली. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

मला माहीत होतं रे. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून माहीत आहे. पिशवी भरताना तूच म्हणायचास, "हे घरचं हाय, बिनधास्त खाय." मी खात राहिले आणि वर्गात उभी राहून पोरांना सांगत राहिले की हिरवी भाजी खा. ज्यांच्या आया बाजारातून तुझ्याकडची वांगी नेतात, त्याच पोरांना. तुला एका शब्दानं कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाही उत्तर द्यावं लागलं असतं. तुझ्याहून माझी चूक मोठी आहे. तुला निदान माल विकायचा असतो.

बरं, सरांचं नाव घेतलं तेही खोटंच. सरांनी तो निबंध पाहिलेलाच नव्हता. मागच्या आठवड्यात अंजू माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी सरायले इचारलं, माहा निबंध काहून नाई चालला. ते म्हने, कोन्ता निबंध?" मी हजेरी मांडायला घेतली. ती जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून मला घरीही मॅडम म्हणते. वर्गात प्रश्न विचारला की उभी राहते आणि "तुमी सांगसान ते" म्हणते. मंजू म्हणते तसंच, पण मंजूला खरंच येत नाही आणि अंजूला येतं. मला रडू येतं दादा, आणि रागही येतो, आणि राग काढायला समोर कोणी नाही.

गुरुवारी, २३ तारखेला, इथं तालुक्याच्या कार्यक्रमात तिला निबंध वाचायचाय. सभागृह भरलेलं असेल. तुझ्याकडून भाजी घेणारी माणसंही असतील, कारण त्यांचीही पोरं वाचणार आहेत. काल मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं की खोटं मी बोलले, सर नाही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग गुरुवारी कोन्ता वाचू?" मी म्हटलं, तुझा तो पहिला वाच. माझी ओळ गाळू नको. बाबांशी मी बोलते.

तर हे बोलणं. परवानगी मागते असं समजू नकोस, आणि तुझ्या पोटावर पाय देते असंही समजू नकोस. तिनं तुला चोर म्हटलेलं नाही, परत एकदा वाच. मला वाटतं तू यावंस, पुढच्या रांगेत बसावंस आणि तिचं ऐकावंस. नंतर कोणी काही म्हणालं तर आपण दोघं मिळून ऐकून घेऊ. माझ्याबद्दल शाळेत जे व्हायचं ते होईल.

आणि तुला नाहीच पटलं तर बुधवारी रात्री तिला समोर बसव आणि तू सांग, की पोरी, तुझं खरं आहे, पण ते बोलायचं नाही. नुसतं "जाऊ नको" म्हणून सुटू नकोस, कारणासकट सांग, ती कारण विचारते. मी तिला हे एकदा सांगून चुकले आहे. तेव्हाचं तिचं तोंड मी पाहिलंय. पुन्हा सांगायचं असेल तर ते माझ्यानं होणार नाही, दादा. या वेळी तुला तिच्याकडे बघून सांगावं लागेल.

तुझी बहीण आणि तुझ्या लेकीची मॅडम,
उज्ज्वला