मैनाला का काढलंस?

प्रताप नगर, जयपूर

विनया मावशी,

आपल्या संस्थेच्या आमेरच्या वस्तीतल्या गटात मुलींना माहिती देणाऱ्या मैनाला तू काढलंस, तेही माझ्या पाहणी अहवालाचा आधार घेऊन.

मैना सतरा वर्षांची, दहावी नापास, त्याच वस्तीतली. पाळीपासून लग्नापर्यंत मुली तिला काहीही विचारायच्या. उत्तर येत नसलं की ती सरळ म्हणायची, "पता नहीं री, नर्स दीदी से पूछके बताऊँगी." दुसऱ्या दिवशी खरंच सांगायची. मी लिहिलं, 'चार प्रश्नांना उत्तर नाही.' दुसऱ्या दिवसासाठी रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेर मी लिहीत नाही. शाळेत जायच्या आधी तूच मला घरी चौकटीतच लिहायला शिकवलंस.

तुझ्या नव्या प्रशिक्षित बाई काल तासभर बोलल्या. "कोई सवाल?" सगळ्या गप्प. बाहेर पडल्यावर पंधरा वर्षांच्या सुगनाने माझी ओढणी धरली. "मैना जीजी कब आएगी? घरवाले अगले महीने मेरा ब्याह कर रहे हैं. इन मैडम से कैसे बोलूँ?"

आणि तू फोनवर म्हणतेस, "एकही शंका नाही, म्हणजे विषय समजला. अहवालावर सही करून टाक."

मी सही करणार नाही. सुगनाला घेऊन मैनाच्या घरी जाते आहे, संस्थेचं नाव न सांगता, माझ्या हिमतीवर. ती हिंमत हे पत्र तुला पाठवण्याइतकी नाही, पण आमेरच्या बसमध्ये चढण्याइतकी आहे.

तुझी भाची,
कौमुदी