फलकावरचा हसरा फोटो

आई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आजीचा गुडघा कसा आहे? मेंढ्या कोण चारतं आता?

विद्यापीठाच्या फाटकावर ‘इथे सगळे आपले’ असा फलक आहे, त्यावर माझा हसरा फोटो लावलाय. काल त्याच नावाच्या कार्यक्रमात शिष्यवृत्ती देणाऱ्या हॅरिएटबाई म्हणाल्या, “नावाहो जमातीची मुलगी म्हणून दोन गोड शब्द बोल.” माझ्या तोंडून निघून गेलं, “तीन महिने मी मेसमध्ये एकटीच जेवतेय.” शिष्यवृत्ती गेलीच, असं वाटलं मला.

आज दुपारी मेसमध्ये बाई ताट घेऊन थेट माझ्याकडे आल्या.

“बसू का गं?”

मी माझं ताट जरा सरकवलं. माझं जेवण होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तू काळजी करू नकोस.

तुझीच,
शांदीन