गोडं पाणी आधी वर राहतं

दादा, आज मी वर्गात नदी आणि समुद्राचा धडा शिकवला. मराठीत शिकवला. शाळेतली उर्दूची सक्ती गेली, आता कुणी हटकत नाही.

तुम्ही मला नरसीच्या मुलांच्या शाळेत, तुमच्याच वर्गात बसवलंत, तेव्हा गाव हसलं होतं. "काहून मास्तर, पोरीला तहसीलदार करून राहिले का?" लोक पारावरून विचारायचे. "आधी पाचवी तर होऊ द्या," म्हणत तुम्ही पुढं जायचात. मग तपासणीचे साहेब आले. मला पाहताच म्हणाले, "मास्टरसाब, ये लडकी यहाँ काहेकू? नाम काट दो." तुम्ही हात जोडले नाहीत. "पहले सवाल पूछिए, हुजूर," एवढंच म्हणालात.

साहेबांनी विचारलं, नदी समुद्राला मिळाल्यावर तिच्या पाण्याचं काय होतं? खारं होतं, हे पुस्तकातलं उत्तर सगळी मुलं उर्दूत घोकत होती. मी मराठीत बोलले, "लगेच न्हाई होत. गोडं पाणी हलकं, ते आधी वर पसरतं. मग वारा, लाटा, भरती त्याला खाऱ्या पाण्यात मिसळवतात." साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "किताब में तो ऐसा नहीं." "दाखवते," मी म्हणाले.

हे तुम्ही मला आईच्या चुलीपाशी शिकवलं होतं. पेल्यात मिठाचं पाणी, त्यावर पळसाचं पान, पानावरून गोडं पाणी अगदी हळू. पहिल्यांदा मी घाईनं ओतलं आणि सगळं एक झालं. "ओतू नको, उतरव," तुम्ही रागावलात. साहेबांसमोर मी तसाच पेला मांडते आणि पानावरून पाणी हळू उतरवते. पपईच्या देठाच्या नळीनं साहेब वरचं पाणी चाखतात, गोडं लागतं. नळी तळाशी नेतात आणि त्यांचं तोंड वाकडं होतं. "बराबर है," ते म्हणतात. "इसका नाम रहने दो."

तुम्ही मला शाबास म्हणाला नाहीत. आपल्या घरी बायका मागून जेवायच्या. त्या दिवशी तुम्ही स्वतः उठून तुमच्या पाटाशेजारी माझा पाट मांडलात. आई हातात भाकरी घेऊन तशीच उभी राहिली. "वाढ तिला," तुम्ही म्हणालात. त्या भाकरीची चव मला कधी कुणाला सांगता आली नाही.

आज पुढच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमी समुद्र पाहिला का?" मी पटकन व्हय म्हणाले. हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही, म्हणून लिहिते: पाहिलेला नाही, दादा. तुम्हीही पाहिला नव्हता. आईनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर.